फलक उतरतात, नोंद राहते

पोखर्णीचा नृसिंह साऱ्या परभणी जिल्ह्याला ठाऊक. पण पालम तालुक्यातल्या कोनेरवाडीचे जवान शुभम मुस्तापुरे किती जणांना आठवतात? ३ एप्रिल २०१८ रोजी पूंछच्या कृष्णा घाटीत पाकिस्तानी गोळीबारात, ऐन विशीत, त्यांना वीरमरण आलं. श्रद्धांजलीचे फलक महिन्याभरात उतरतात (उतरायलाच हवेत!), म्हणून नाव, तारीख, ठिकाण यांची कायमची नोंद हवी. स्मारकाने घर चालत नाही, हा आक्षेप खरा आहे; पण मदत आणि स्मरण एकमेकांच्या आड कुठे येतात? स्मरण कसं जपता येतं ते पाहा: रायगडचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना २२व्या वर्षी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंटोने गावाची नगरपालिका आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी २०२३ मध्ये तिथे त्यांचं स्मारक उभारलं. परमुलखातल्या गावाला जमलं, ते आपल्याला जमायला हवं. परभणीतल्या शाळांनो, ३ एप्रिल वार्षिक नियोजनात घाला.