पाहुण्याची काडी

जिनी दिनशॉ यांनी १९६२ साली सुरू केलेल्या बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रात हौशी आणि व्यावसायिक वादक शेजारी बसून वाजवत आले. चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे साधारण वीस ते चाळीस वादकांचा ताफा. पाहुणा कंडक्टर आला की हाताशी तालमी मोजक्याच. आपल्याकडे लय तबलजी सांभाळतो. इथं ती कंडक्टरच्या काडीत, तीही आवाजाविना! दोन व्हायोलिनवादकांत स्टँड एक. गज कुठं वर, कुठं खाली, याच्या पेन्सिलच्या खुणा स्वरलिपीवर असतात. पाहुण्याला वेगळं हवं असलं की आधी खोडरबर निघतं. पान उलटतो आतल्या बाजूचा वादक, बाहेरचा वाजवत राहतो.