टायरचा रकाना

पावसाळा तोंडावर आला, की कोल्हापुरात घरोघरी एक काम ठरलेले असते. चामड्याची पायताणे तेल लावून माळ्यावर जातात आणि रबरी चपला खाली येतात. कोल्हापुरी चप्पल कितीही करकरीत असली, तरी ती घालून चिखलात निघणाऱ्याला कोणी शहाणे म्हणत नाही. तरीही मोटारीचे टायर ऋतूप्रमाणे बदलतात, हे प्रथम ऐकले तेव्हा मला हसूच आले होते.

मुलगा जर्मनीत, श्टुटगार्टला नोकरीस आहे. 2024 च्या नोव्हेंबरात सौ. आणि मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने नुकतीच एक वेगवान मोटार घेतली होती. वापरलेली, पण तीनशे अश्वशक्तीची. टायर मात्र उन्हाळी. "बाबा, दुसरा संच म्हणजे दीड हजार युरोचा खर्च. हिच्या चारही चाकांना ताकद आहे. यंदा चालवून घेऊ."

'खर्च' हा शब्द ऐकला आणि 1991 सालचे बँकेतले माझे टेबल आठवले. एका ट्रकमालकाने टायरसाठी जादा कर्ज मागितले होते. विमा, परमिट, हप्ते, सारे चोख. मी शेरा मारला, 'टायर हा चालू खर्च आहे, मालमत्ता नव्हे.' नियमाला धरूनच होते ते. ऑगस्टात गुळाचे रवे भरून गगनबावड्याचा घाट उतरताना तो ट्रक घसरला. मालक स्वतःच चालवत होता. जगला, पण एक पाय गेला. बँकेचे कर्ज विम्यातून वसूल झाले. माझ्या तपासणीच्या फॉर्मात टायरचा रकानाच नव्हता.

ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. मुलगा काही बोलला नाही. सकाळी म्हणाला, "चला, टायरवाल्याकडे जाऊ."

दुकानदार सांगत होता, मुलगा मराठीत समजावत होता. पारा सुमारे 7 अंशांखाली गेला, की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड सोडू लागते. बर्फ पडायलाच हवा असे नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. पण तेच टायर उन्हाळ्यात ठेवले तर लवकर झिजतात आणि गाडी थांबायलाही जास्त अंतर घेते. म्हणून तिकडचा साधा हिशेब, ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी.

चारही चाकांची ताकद गाडी निघताना कामाची, थांबताना नाही. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबते ती टायरच्या तळहाताएवढ्या जागेवर. त्यामुळे दोन नव्हे, चारही टायर बदलायचे. मोठ्या रिमवरच्या रुंद टायरपेक्षा एक इंच लहान रिमवरचा थोडा अरुंद टायर बर्फात बरा, मात्र वेगवान गाडीचे मोठे ब्रेक त्या रिममध्ये मावले पाहिजेत आणि ते माप त्या गाडीला मंजूर असले पाहिजे. टायरवर तीन शिखरे आणि हिमकण ही खूण हवीच. जर्मनीत ऑक्टोबर 2024 पासून नुसती 'एम प्लस एस' ही अक्षरे हिवाळी टायर म्हणून चालत नाहीत. टायरची वेगमर्यादा गाडीच्या वेगाहून कमी असेल, तर चालकाच्या नजरेसमोर तसे स्टिकर लावायचे. खाचांची खोली कायद्याने 1.6 मिलिमीटर पुरते, पण हिवाळ्यात 4 च्या खाली जाऊ देऊ नये, असे जाणकार सांगतात.

बिल आले. मुलगा नको म्हणत असताना निम्मी रक्कम मी भरली. निवृत्तीनंतर मंजूर केलेले माझे हे एकच प्रकरण.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज थंड मुलुखात आहेत. फोनवर आपण विचारतो, स्वेटर घातलास का, जेवलास का? नोव्हेंबर लागला, की आणखी एक प्रश्न विचारावा. टायर बदललेस का?