डोळ्यांवाचून जगणारा भुंगेरा



भुंगेरा म्हटला की आपल्यासमोर उभा राहतो तो माडाचा कोंब पोखरणारा गेंडा भुंगा, नाही तर उसाची मुळे कुरतडणारी हुमणी. (हुमणी ही भुंगेऱ्याचीच अळी.) ज्याने नुकसान केले त्याचेच नाव आपल्या तोंडी राहते. पण मातीत असे कितीतरी भुंगेरे आहेत की जे आपल्या पिकाला तोंडही लावत नाहीत, आणि ज्यांना अजून नावही मिळालेले नाही. अशा एका चिमुकल्या जिवाला नाव कसे मिळाले, ते आज पाहू.

ही हकीकत आफ्रिकेतील केनिया देशाची. १९६४-६५ च्या सुमारास विल्यम ब्लॉक या शास्त्रज्ञाने नैरोबी शहराच्या परिसरातील माती आणि पालापाचोळा तपासून त्यातले बारीक जीव गोळा केले. १९७८ मध्ये तो संग्रह लंडनच्या निसर्ग इतिहास संग्रहालयाकडे आला. तेथे मायकेल डार्बी हे अभ्यासक तो तपासू लागले आणि २०१९ च्या ऑक्टोबरात त्यांनी त्यातल्या एका भुंगेऱ्याचे वर्णन छापून प्रसिद्ध केले. म्हणजे मातीतून बाहेर आल्यावर नाव मिळेपर्यंत या भुंगेऱ्याला अर्धशतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

त्याची लांबी ०.७९ मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही कमी. रंग फिकट पिवळा, सोनेरी झाक असलेला. पंख नाहीत, डोळे नाहीत. जेथे डोळे असावयाचे त्या दोन जागांच्या मध्ये एक लहानसा लंबगोल खळगा आहे आणि डोक्यावर लांब मिशा आहेत. नाव दिले ‘नेलोप्टोडिस ग्रेटी’. पर्यावरणासाठी शाळेतून उठून स्वीडनच्या संसदेबाहेर बसलेल्या ग्रेटा थुनबर्ग या मुलीवरून ते ठेवले. लॅटिन शिकलेल्याला त्यातली षष्ठी विभक्ती लगेच ओळखू येईल : ‘ग्रेटाचा’. त्या लांब मिशा पाहून काहींना तिच्या दोन वेण्याही आठवल्या.

डोळे नसून याचे चालते कसे? ज्या कुळातला हा भुंगेरा आहे, ते भुंगेरे बुरशीचे धागे आणि तिचे सूक्ष्म बीजाणू खातात. मातीच्या कणांमधील फटींत उजेड नसतो. तेथे वास आणि स्पर्श यांवरच सारा कारभार. डोळा बनवायला व सांभाळायला शरीराचे अन्न खर्ची पडते, आणि ज्याच्या अंगी तो खर्च नाही त्याचे अंधारात काही बिघडत नाही. उघड्यावर आंधळा जन्मलेला किडा पक्ष्याच्या चोचीत जाईल. मातीत मात्र तो सुखाने जगतो आणि त्याची प्रजाही तशीच वाढते. अशा पुष्कळ पिढ्या गेल्या की डोळे असलेला कोणी उरतच नाही. याच कुळातल्या काही जातींत तर मोठी गंमत आहे. एकाच जातीत, एकाच कुजक्या लाकडाच्या सालीखाली, काही भुंगेरे डोळस व पंखांचे आणि काही आंधळे व बिनपंखांचे सापडतात. जे घर सोडून नव्या ओंडक्याकडे उडणार, त्यांना डोळे. जे तेथेच राहणार, त्यांना नाहीत! शरीर इतके लहान की मादीच्या पोटात एका वेळी एकच अंडे मावते, आणि तेही तिच्या मानाने भले मोठे असते.

आता ‘नवी जात’ ठरवायची म्हणजे काय करायचे? नुसते नाव ठेवून भागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली किडा उलगडून मिशांचे पेर, पायांची ठेवण, पोटातील जननेंद्रियांचा आकार पाहावा लागतो, कारण बाहेरून दोन जाती सख्ख्या जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. मग आजवर वर्णन झालेल्या जवळच्या जातींशी ताडून वेगळेपण दाखवावे लागते, ते छापावे लागते आणि ज्या एका किड्यावरून नाव दिले तो मूळ नमुना संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. पुढे कोणाला शंका आली तर साक्षीदार तो. एकदा नाव रीतसर छापले की कोणाला आवडो वा न आवडो, ते सहसा बदलत नाही. स्लोव्हेनियाच्या गुहांतील एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ मध्ये हिटलरचे नाव दिले गेले. ते आजही तसेच आहे, आणि त्या नावापायी संग्राहक त्या बिचाऱ्या किड्याच्या मागे लागले आहेत.

नैरोबीची लोकसंख्या १९६९ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख होती. २०१९ च्या जनगणनेत ती सुमारे ४४ लाख भरली. ब्लॉक यांनी माती उचलली तेव्हाचे शहर आणि नाव छापले गेले त्या वर्षीचे शहर यांत एवढे अंतर पडले. वाघ संपू लागला की वर्तमानपत्रात येते. असला किडा संपला तर कोणी सांगावे? त्याला नाव मिळण्याआधीच त्याच्या मातीवर सिमेंट पडू शकते. आपल्याकडेही डोंगरउतार खणून घरे उठतात आणि वरचा पालापाचोळा जाळून टाकला जातो, तेव्हा त्यात कोण राहत होते हे कोणी पाहिलेले नसते.

पाहायचे असेल तर साधन सोपे आहे. इटलीच्या अंतोनिओ बर्लेझे यांनी १९०५ मध्ये नरसाळ्याची एक युक्ती काढली आणि १९१८ मध्ये स्वीडनच्या टुलग्रेन यांनी तिला विजेचा दिवा जोडला. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा धरा, म्हणजे नरसाळे झाले. त्यात जाळी बसवा व तिच्यावर माडाखालचा किंवा काजूखालचा ओलसर पाला आणि माती पसरा. वर एक वीतभर अंतरावर जुना पिवळा चाळीस वॅटचा दिवा लावा (एलईडी नको, त्याला ऊब नसते) आणि खाली भांड्यात ओला कागद ठेवा. माती वरून सुकू लागली की जीव ओल शोधत खाली सरकतात आणि कागदावर पडतात. दिव्याजवळ कोरडा पाला जाऊ देऊ नका आणि घरात कोणी नसताना दिवा चालू ठेवू नका. दोनतीन दिवसांनी शाळेतले भिंग घेऊन मुलांना बसवा. उड्या मारणारे पांढरे किडे, बारीक कोळी आणि नशिबाने एखादा टिंबाएवढा भुंगेरा दिसेल. पाहून झाले की सगळ्यांना त्याच झाडाखाली सोडून द्या. माती भरताना हुमणी हाती लागली तर मात्र ती कोंबड्यांना घाला.