कोकणच्या बेटांवर आपले आपण

कोकण किनाऱ्यावरची बेटे आणि जलदुर्ग पाहायला सहल कंपनी लागत नाही. रेल्वे, एसटी आणि होडी एवढ्यावर भागते. मात्र आखणीची सुरुवात पाण्यापासून करायला हवी. मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. गेटवे–मांडवा लाँचही पावसाळ्यात थांबते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, २०२० साली सुरू झालेली रो-रो हवामान पाहून सोडतात.

घारापुरी सर्वांत सोपी. गेटवेवरून लाँचने तासाभराचा प्रवास; सोमवारी लेणी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवले की झाले.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापाशी खरी गाठ भरती-ओहोटीशी पडते. ओहोटीला तिथे चालत किंवा घोडागाडीने जाता येते. वेळ काढायचा कोळ्यांचा जुना हिशेब आजही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीची ओहोटी भर दुपारी येते, पण ते भांगाचे दिवस. पाणी फारसे मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते लांबवर ओसरते, पण पहाटे आणि संध्याकाळी. म्हणून द्वितीया ते चतुर्थीची सकाळ उत्तम. पाणी उतरत असतानाच निघावे आणि ते चढू लागताच परत फिरावे. इथे धाडसाला जागा नाही.

जंजिऱ्यासाठी अलिबागहून एसटीने मुरूड, तिथून रिक्षाने राजपुरी. शिडाची होडी माणसे भरल्याशिवाय सुटत नाही आणि किल्ल्यात वेळ मोजकाच मिळतो. त्यामुळे सुटीचे दिवस टाळून सकाळीच धक्का गाठावा. दरवाजाशी होडी लाटांवर हेलकावते. पायऱ्यांवर उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. जवळच्या, शिवाजी महाराजांनी बांधलेल्या पद्मदुर्गाला अशी नियमित होडी नसते. मुरूडच्या कोळ्यांशी बोलून ती ठरवावी लागते.

दक्षिणेला जाताना खाड्या आडव्या येतात. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या ठिकाणच्या फेरीबोटींनी मोठा वळसा वाचतो. त्यांना स्थानिक लोक जंगलजेट्टी म्हणतात. गाडी नसलेल्याने मात्र पलीकडच्या काठावरून पुढची एसटी केव्हा आहे, हे अलीकडेच विचारून घ्यावे.

सुवर्णदुर्गाला खेड स्थानकावरून दापोलीमार्गे हर्णैला जावे. होडी मच्छीमारांची, म्हणून जाण्या-येण्याचे भाडे आणि किल्ल्यावर थांबायचा वेळ चढण्यापूर्वीच ठरवावा. धक्का नसल्याने पाण्यातून चालत वाळू गाठावी लागते. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे.

सिंधुदुर्गची व्यवस्था त्या मानाने घडी बसलेली आहे. कुडाळ किंवा कणकवली स्थानक, तिथून एसटीने मालवण, आणि धक्क्यावरून काही मिनिटांत कुरटे बेट. १६६४ साली पाया घातलेल्या या किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरीही आहेत. तटावरून सावकाश फिरायला होडीवाले देतात तेवढा वेळ अपुरा पडतो. तिकीट काढतानाच नंतरच्या होडीने परतता येईल का, हे विचारावे. दिवसाची शेवटची होडीही तेव्हाच कळते.