पवईची यंत्रं आणि अक्षरं

मुंबई आयआयटीचा पहिला वर्ग पवईत भरलाच नाही. जुलै 1958मध्ये, तीन हजारांहून जास्त अर्जांतून निवडलेली शंभर मुलं वरळीला ‘सस्मिरा’त, म्हणजे कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांच्या संशोधन संस्थेत, शिकायला बसली. पवईला नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली ती 10 मार्च 1959 रोजी. आधी लगीन वर्गांचं, मग इमारतीचं, असा प्रकार.

शीतयुद्धाचा तो काळ भारताने चांगलाच वसूल केला. मद्रासच्या आयआयटीला जर्मनांनी हात दिला, कानपूरला अमेरिकनांनी, दिल्लीला इंग्रजांनी. मुंबईच्या वाट्याला युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशिया आला. तिथून तज्ज्ञ आले, प्रयोगशाळांची सामग्री आली, पुढे ‘मिन्स्क’ संगणकही आला. गंमत अशी, की रशियन यंत्रांवर हात बसवलेली पोरं पदवी हातात पडताच मोठ्या संख्येने अमेरिकेला गेली. त्याबद्दल संस्थेने बरीच बोलणी खाल्ली, आणि ती सगळीच गैरलागू नव्हती.

जागा मात्र मुंबईत शोधून सापडणार नाही अशी. एका बाजूला पवई तलाव, दुसरीकडे विहार तलाव, पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचं रान. तलावात मगरी आहेत. बिबट्या अधूनमधून आवारात फिरकतो. मोकाट गायी-बैल तर इथले कायमचे रहिवासी. मुलं या सगळ्याला ‘इन्स्टी’ म्हणतात. इथे माणसाची ओळख शाखेवरून कमी, हॉस्टेलच्या आकड्यावरून जास्त: चारचा, आठचा, दहाची. म्हापशाचे मनोहर पर्रीकर इथूनच 1978 साली धातुशास्त्राचे अभियंता झाले आणि 2000 साली गोव्याचे मुख्यमंत्री. आयआयटीतून शिकून मुख्यमंत्री झालेले ते देशातले पहिलेच.

बाहेरच्यांना इथला ‘मूड इंडिगो’ महोत्सव ठाऊक असतो, पण इन्स्टीचा खरा जीव ‘पाफ’ या कला-महोत्सवात. वर्ष संपत आलं की हॉस्टेलं गट करून खुल्या रंगमंचावर प्रयोग उभे करतात. संहिता, नाच, संगीत, प्रकाशयोजना, सगळं मुलांचंच. उंचच उंच नेपथ्याला रंग फासत भावी अभियंते रात्री जागवतात. दुसऱ्या दिवशी लेक्चरला कोण किती जागं असतं, हे न विचारलेलं बरं.

याच आवारात 1969 साली सुरू झालेलं ‘आयडीसी’ हे डिझाइनचं केंद्र आहे. यंत्रांच्या गावात अक्षरांचं हे घर. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी इथे शिकवत. बाराखडी, वेलांट्या, जोडाक्षरं संगणकावर नीट बसावीत म्हणून त्यांनी पुढे आयुष्याची बरीच वर्षं खर्ची घातली. विंडोज 2000सोबत घरोघरी पोचलेला देवनागरी ‘मंगल’ फॉन्ट त्यांच्याच हातचा. पडद्यावर मराठी टंकणाऱ्या लाखोंना त्यांचं नावही ठाऊक नसतं.

आयडीसीतच पीएचडी करणारे डी. उदयकुमार यांनी रुपयासाठी एक चिन्ह रेखाटलं. देवनागरी ‘र’ घेतला, त्यातच उभी दांडी काढलेला रोमन ‘आर’ही दिसू लागला, वर शिरोरेषा, खाली तिला समांतर आणखी एक रेघ. तीन हजारांवर प्रवेशिकांतून निवडलेल्या पाचांत ते होतं. 15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हा उदयकुमार गुवाहाटीच्या आयआयटीत शिकवायला रुजू होण्याच्या तयारीत होते. पुढच्याच वर्षी ₹ नाण्यांवर उमटला.