साय नाही म्हणून दूध नकली नाही

"पिशवीचं दूध पावडरचं! साय तरी धरते का त्याला?" अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही सोसायटीत हे ऐकायला मिळतं. त्याच दमात सल्लाही येतो: मुलांना तबेल्याचं दूध द्या आणि उकळू नका, ताकद जाते. पहिली गोष्ट अर्धवट माहितीची आहे. दुसरी धोक्याची आहे.

तबेल्यात म्हशी असतात, आणि म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. टोन्ड दुधात तो 3 टक्के, डबल टोन्डमध्ये 1.5. पिशवीवर छापलेलं असतं, वाचा. शिवाय होमोजिनाइज्ड दुधात स्निग्धांशाचे कण दाबाखाली इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊन जाड थर धरत नाहीत. पावडरचं म्हणाल, तर म्हशीच्या दुधात पाणी आणि स्किम्ड दुधाची पावडर घालून टोन्ड दूध करण्याची पद्धत 1940च्या दशकात आपल्या मुंबईतच रूढ झाली. ती आणली दारा खुरोडी यांनी. 1949 साली गोरेगावची आरे दूध वसाहत उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. आणि दुधाची पावडर म्हणजे पाणी काढून घेतलेलं दूधच.

आता कच्चं दूध. पाश्चरायझेशनमध्ये दूध 72 अंश सेल्सिअसवर 15 सेकंद तापवून लगेच थंड करतात. कॅल्शियम आणि प्रथिनं शाबूत राहतात, एखाददुसरं जीवनसत्त्व थोडं घटतं. मरतात ते क्षयाचे, ब्रुसेलोसिसचे, साल्मोनेलाचे जंतू. म्हैस धडधाकट दिसते म्हणून तिला ब्रुसेलोसिस नाही, हे नुसतं बघून कोणालाही सांगता येत नाही. माणसाला तो झाला की ताप आठवडेच्या आठवडे येत-जात राहतो, सांधे धरतात. लहान मुलाला हे कशासाठी द्यायचं? तबेल्याचं दूध खुशाल घ्या, पण उकळी आणूनच.

भेसळ होत नाही, असं मी म्हणत नाही. उपनगरांत पिशव्या फोडून, पाणी घालून पुन्हा चिकटवणाऱ्यांवर छापे पडत आले आहेत. कडा वितळलेली, सुरकुतलेली दिसली तर पिशवी परत करा. मात्र एफएसएसएआयच्या 2018च्या देशव्यापी पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरले ते 12. त्याहून गंभीर सापडलं ते अफ्लाटॉक्सिन एम1, मर्यादेपेक्षा जास्त, 5.7 टक्के नमुन्यांत. ते बुरशी लागलेल्या चाऱ्यातून येतं, उकळून जात नाही, आणि पिशवीच्या दुधात जास्त आढळलं. ओरड करायचीच तर चाऱ्याच्या तपासणीसाठी करा.

बाकीचं थोडक्यात. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड होत नाही. दुधाने कफ वाढत नाही, घशाशी दाट वाटतं इतकंच. दूध पचत नाही त्यांना दही-ताक बहुधा सोसतं, कारण विरजणात लॅक्टोज घटतं. आणि "जेवत नाही, पण दूध भरपूर पितो" यात समाधान मानू नका: दुधात लोह जवळजवळ नसतं, अशा मुलांना रक्तक्षय होतो.