दगडाखालची बिऱ्हाडे

‘माशी’ हे ‘मासा’ या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप नव्हे, हे मी गेली 18 वर्षे वर्गात सांगत आलो आहे. पण या दोघांचे नाते किती जवळचे असते, हे मला पंचेचाळिशीत, अमेरिकेतल्या एका नदीच्या गुडघाभर पाण्यात उभे राहून कळले!

माझा थोरला भाऊ मॉन्टाना राज्यात बोझमन गावी असतो. 2021 साली आई गेली तेव्हा त्याला येता आले नाही. प्रवासावर बंधने होती. कारण पटण्यासारखे होते, पण मला ते पटवून घ्यायचे नव्हते. तीन वर्षे आमचे बोलणे ‘कसा आहेस?’, ‘बरा आहे’ यापुढे गेले नाही. अखेर 2024 च्या जूनमध्ये वहिनीने हट्टाने मला बोलावून घेतले.

महिनाअखेरीस दादाने मला मॅडिसन नदीवर नेले. छातीपर्यंतच्या रबरी तुमानी चढवून आम्ही पाण्यात उतरलो. आता हा गळ टाकणार, अशा अपेक्षेने मी पाहत राहिलो, तर त्याने तळाचा एक दगड उचलून उलटा माझ्यापुढे धरला.

“मासा नंतर. आधी तो काय खातो ते बघ.”

ट्राउट माशाला इथे गांडूळ दाखवायचे नसते. पिसे आणि दोरा गळावर गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि तिने त्याला फसवायचे. पण मासा चोखंदळ! नदीत ज्या कीटकांची चलती असेल, त्यांच्यासारखीच माशी त्याला हवी. ही विद्या जुनी आहे. इंग्लंडात 1496 साली छापलेल्या एका ग्रंथात अशा 12 माश्यांची कृती दिली असून तीत स्टोनफ्लायही आहे. 1836 साली आल्फ्रेड रोनल्ड्स याने तर गळवाल्यांसाठी कीटकांचे सचित्र पुस्तकच लिहिले.

दगडावर एक चपटा, तपकिरी जीव सरपटत होता. “दोन शेपट्या, म्हणजे स्टोनफ्लायचं पिल्लू,” दादा म्हणाला. “मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन असतात. पण शेपट्या मोजून थांबू नकोस, काही मेफ्लायनाही दोनच असतात. पायाची नखं बघ. स्टोनफ्लायच्या प्रत्येक पायाला दोन, मेफ्लायला एकच. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना असतात. हिचे बघ, पायांच्या मुळाशी झुपके आहेत.”

शेजारी वाळूच्या कणांची एक नळी चिकटली होती. ती कॅडिसची. ही अळी आपल्या रेशमाने वाळू नि काटक्या सांधून घर बांधते. पंख फुटल्यावर ओळख आणखी सोपी. स्टोनफ्लाय पंख पाठीवर सपाट मिटते, मेफ्लाय होडीच्या शिडासारखे उभे धरते आणि कॅडिस कौलारू छपरासारखे उतरते ठेवते. व्याकरणातले तीन प्रयोगही मला इतक्या झटपट समजले नव्हते!

काठच्या झुडपांवर रिकाम्या काती लटकत होत्या. सॅमनफ्लाय नावाच्या थोरल्या स्टोनफ्लायच्या त्या. ही तीन-चार वर्षे पाण्यात काढते, मग काठावर चढून कात टाकते आणि थोड्या दिवसांपुरती पंख पसरते. करंगळीएवढी एक केशरी पोटाची माशी दादाच्या बाहीवर बसली होती. तिला न हाकलता तो म्हणाला, “आई घाटावर धुणं धुवायची, तेव्हा आपण दगड उलटायचो. आठवतं?”

“हो. ओरडायची.”

“‘बिऱ्हाडं मोडू नका रे कुणाची,’ म्हणायची. म्हणून मी दगड होता तसा परत ठेवतो.”

त्याने तो ठेवला. पाण्याखाली त्याचा हात जरा जास्तच वेळ राहिला. मी तिकडे पाहिले नाही. त्या सकाळी त्याला एक ट्राउट मिळाला आणि त्याने तो अलगद सोडून दिला. “सोडायचाच तर धरला कशाला?” या माझ्या प्रश्नावर तो कितीतरी वर्षांनी मोठ्याने हसला.

डिसेंबरात मी गावी गेलो. घाटावरचा दगड उलटला. खाली काळा गाळ आणि त्यात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या. त्यांच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्या तगतात. स्टोनफ्लायला मात्र वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. नदीची प्रकृती दगडच सांगत होता. आईच्या धुण्याच्या जागी मी खाली मान घालून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी नदीच्या उगमाकडे, सह्याद्रीतल्या ओढ्यावर गेलो. सह्याद्रीतही निओपर्ला वंशातल्या स्टोनफ्लाय आहेत, असे वाचले होते. पाच दगडांखाली काही मिळाले नाही. सहाव्याखाली एक पिवळसर जीव चपळाईने सरकला. मी खिशातले भिंग काढले.

घरी येताच दादाला फोन लावला. तिकडे रात्र होती.

“दादा, दोन शेपट्या!”

“नखं मोजलीस?”

“दोन-दोन.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच प्रश्न आला, “दगड परत ठेवलास ना?”

ठेवला होता.